लाल टेप, पिवळी टेप: आत जायचं की नाही

मंडळी, साइटवर धोक्याच्या जागेभोवती बांधलेली टेप आपण सगळेच रोज बघतो, पण लाल आणि पिवळ्यात फरक काय असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, लाल म्हणजे जास्त धोका आणि पिवळा म्हणजे कमी. उत्तर अगदीच चूक नाहीये, पण अर्धवट आहे, आणि ते अर्धवट असल्यामुळेच माणसं टेपखालून वाकून आत जातात, कारण धोका जास्त की कमी हे मग जो तो आपापल्या हिमतीवर ठरवतो. बऱ्याच साइट्सवरचा खरा नियम परवानगीचा असतो. पिवळी-काळी टेप दिसली की थांबायचं, आत काय चाललंय ते बघायचं, टेपवर अडकवलेला माहितीचा टॅग वाचायचा आणि तुमचं तिथे काम असेल तर सांभाळून जायचं. लाल टेप दिसली की जायचंच नाही, ज्यानं ती लावलीय त्यानं किंवा त्या कामाच्या सुपरवायझरनं हो म्हटल्याशिवाय नाहीच, मग काम कितीही अर्जंट असो आणि पलीकडे तुमचाच पाना पडलेला का असेना.

म्हणजे जमिनीवर तेल सांडलंय, वाटेत केबल आडव्या पडल्यात, डोक्याला लागेल इतका खाली पाइप आलाय, तिथे पिवळी. माणसाला कळलं की तो स्वतःला सांभाळू शकतो. पण क्रेनला लोड लटकलाय आणि तो फिरणार आहे, तर त्याच्या खालचा आणि आजूबाजूचा सगळा पट्टा लाल, कारण तिथे तुम्ही कितीही सावध असलात तरी वरून सुटलेल्या वस्तूपुढे त्या सावधपणाचा काही उपयोग नसतो. अर्धवट बांधलेली परांची, प्रेशर टेस्ट चालू असलेली लाइन, एक्स-रे काढत असतील ती जागा, सगळीकडे हाच हिशोब.

आता हा नियम जगभर एकच आहे का, तर नाही, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आयएसओ 3864 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये पिवळे-काळे पट्टे म्हणजे आपटण्याचा, पडण्याचा, घसरण्याचा धोका, आणि लाल-पांढरे पट्टे म्हणजे मनाई किंवा आग विझवायच्या साधनांची जागा. युरोपचं 1992 चं सेफ्टी साइन्सचं डायरेक्टिव्ह मात्र अडथळे आणि धोक्याच्या जागा दाखवायला पिवळे-काळे किंवा लाल-पांढरे, दोन्हीपैकी काहीही चालेल असं म्हणतं. अमेरिकेत परत ओशाचे, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे नियम आणि एएनएसआय या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं झेड 535, तिथे लाल म्हणजे डेंजर आणि पिवळा म्हणजे कॉशन. म्हणजे एखादा कामगार दुसऱ्या साइटवरून आला, तिथे लाल-पांढरी टेप नुसती अडथळा दाखवायला लावत होते, तर तो तुमच्या लाल टेपजवळ येऊन काय करेल? वाकून आत जाईल, आणि त्याच्या दृष्टीनं तो काहीच चुकीचं करत नसेल. म्हणून पहिल्या दिवशीच्या इंडक्शनमध्ये प्रत्यक्ष टेप हातात धरून दाखवा, ही लाल, हिच्या आत जायचं नाही, ही पिवळी, ही वाचून जायची. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं.

पिवळ्याबरोबर काळाच का घेतला तर कॉन्ट्रास्टसाठी, लांबून आणि कमी उजेडातही ती जोडी उठून दिसते. पट्टे तिरके, साधारण 45 अंशात. आणि पट्टे, अक्षरं हे सगळं रंगाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण लाल-हिरव्यात गल्लत होणारी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ असतात, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये तर साधारण 12 मागे 1. शिवाय दिव्यांचा प्रश्न आहे. जुन्या लो-प्रेशर सोडियम दिव्यांचा उजेड जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असतो, त्यात लाल टेप मळकट तपकिरी, काळपट दिसते. नाइट शिफ्ट असेल तर रात्री एकदा जाऊन स्वतः बघा टेप कशी दिसते ते.

बाकीचे रंग पटकन सांगतो. हिरवा-पांढरा म्हणजे सुरक्षित जागा, फर्स्ट एड, बाहेर पडायचा रस्ता. निळा-पांढरा म्हणजे सक्ती, इथे हेल्मेट घाला, गॉगल घाला. पिवळ्यावर जांभळट-गुलाबी, म्हणजे मजेंटा, दिसला तर ते रेडिएशन. ते तीन पाकळ्यांचं चिन्ह 1946 मध्ये बर्कलीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत तयार झालं, तेव्हा ते निळ्यावर मजेंटा होतं, पिवळी पार्श्वभूमी नंतर आली, आणि आता पिवळ्यावर काळंही सगळीकडे चालतं. जमिनीखालीही टेप असते बरं का, केबल किंवा पाइप पुरताना त्याच्या फूटभर वर ती अंथरतात, म्हणजे खोदणाऱ्या मशीनच्या बकेटला आधी टेप लागते. अमेरिकेतल्या पद्धतीत त्यात लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोन-डेटा, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. इथे पिवळ्याचा अर्थ सांभाळून पुढे जा असा अजिबात नाही, पिवळी टेप वर आली की मशीन बंद.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय ते. टेप म्हणजे रेलिंग नाही. स्लॅबमध्ये ओपनिंग सोडलेलं असतं, त्याच्या अगदी काठावर चार सळया उभ्या करून टेप गुंडाळलेली असते, आणि एक माणूस प्लायचं एक टोक धरून मागे मागे सरकत येतो. त्याला मागचं दिसत नाही. टेप त्याच्या कमरेला लागते, ताणते, आणि त्याला कळेपर्यंत टाच काठाच्या बाहेर असते. ओशाच्या नियमात रेलिंगची वरची पट्टी साधारण 42 इंचांवर आणि 200 पौंडांचा जोर सहन करणारी लागते. सपाट छतावर नुसती इशाऱ्याची दोरी लावायची तरी ती 500 पौंड ताण सहन करणारी हवी, 34 ते 39 इंच उंचीवर, आणि कडेपासून निदान 6 फूट आत. आपली पॉलिथिनची टेप यातलं काहीच करू शकत नाही. उघड्या काठाला रेलिंग लावा किंवा भोक झाकून घट्ट बसवा, आणि टेप लावायचीच तर चांगली लांब मागे लावा, म्हणजे ती अंगाला लागल्यावर वळून बघायला जागा उरते.

आणि टेपवर टॅग हवाच. धोका काय आहे, कोणी लावली, तारीख, कोणाला विचारायचं. टॅग नसलेली लाल टेप दोन दिवस लोक पाळतात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी आत जातो, त्याला काही होत नाही, मग सगळेच जायला लागतात, आणि त्याचा परिणाम त्या एका टेपपुरता राहत नाही, शेजारच्या खऱ्या लाल टेपलाही कोणी विचारत नाही. क्रेनचं काम संपलं, लोड खाली आला, की टेप त्याच वेळी निघाली पाहिजे. कामाचं परमिट, म्हणजे लेखी परवानगी, बंद करताना टेप काढली का हे विचारलंच पाहिजे, शिफ्ट बदलताना कुठली टेप कशासाठी चालू आहे हे पुढच्याला जागेवर नेऊन सांगितलं पाहिजे. आणि काढताना पूर्ण काढा. खांबाला हातभर तुकडा लटकत राहिला की येणाऱ्याला कळत नाही की इथलं काम संपलंय की टेप आत्ताच तुटलीय. असा तुकडा दिसला तर तुटलेली टेप समजा आणि विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.