भोंगा वाजला पाहिजे

[दृश्य: रात्र. वरुड तालुक्यातली संत्र्याची बाग, लागून हरभरा. धुऱ्यावरच्या खांबाला लावलेली पेटी.]

हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं येतात. मग अख्खा हिवाळा जागलीत जातो. म्हणून या घरच्या पोरानं ही पेटी बनवली. आत १२ व्होल्टची बॅटरी, हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, एक छोटा बोर्ड. बाहेर गाडीचा भोंगा आणि दिवा. सर्किट साधंच आहे, त्यावर आपण वेळ घालवणार नाही. पाहायचेत ते पेटीच्या बुडाशी, जिथं वायरी आत शिरतात, तिथले जोड, म्हणजे कनेक्टर. शेतातली घरगुती यंत्रं फार करून तिथंच मरतात.

[दृश्य: टेबलावर काळी गोल डीसी पिन.]

ही अडॅप्टरच्या वायरीची पिन घराघरात सापडते, म्हणून पहिला हात तिच्याकडेच जातो. बाहेरून ५.५ मिलिमीटर. आतलं भोक मात्र कधी २.१, कधी २.५ मिलिमीटर, आणि नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते, पण सैल राहते. सैल जोड तापतो. भोंगा ४ अँपिअर ओढत असेल आणि जोडात अर्धा ओहम रोध आला, तर २ व्होल्ट तिथंच गळतात आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेत ८ वॅट उष्णता तयार होते. आधी आवाज बसतो. जोड आणखी काळा पडला की भोंगा वाजताक्षणी बोर्डच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. लोक बॅटरी बदलतात, बोर्ड बदलतात, आणि दोष असतो त्या पिनेत.

बोर्डावरचे पांढरे, प्लास्टिकचे छोटे जेएसटी प्लग वाईट नाहीत, फक्त ते पेटीच्या आतच राहू द्यावेत. रोजच्या काढघालीसाठी ते बनलेले नाहीत.

[दृश्य: धातूचा गोल कनेक्टर हातात. खाच जुळते, आटे फिरतात.]

दुकानात याला एव्हिएशन कनेक्टर म्हणतात. नंबर जीएक्स१६, म्हणजे पेटीला १६ मिलिमीटरचं भोक पाडायचं. खाच जुळल्याशिवाय आत जात नाही, आटे आवळले की ओढून निघत नाही. घरच्या म्हाताऱ्या बाबांनी एकच गोष्ट मागितली होती: "अंधारात बोटाले समजलं पाह्यजे." कॅटलॉगातल्या कुठल्याही आकड्याआधी मी हे मागणं धरीन. बॅटरी चार्जिंगला नेताना ती सोडवणार बाबाच आहेत, तेही दवानं ओल्या हातांनी.

पण साधा जीएक्स१६ पावसासाठी नाही. त्याला छपराखालची जागा द्या. उघड्यावर एम१२, म्हणजे १२ मिलिमीटर आट्यांचा गोल जोड, किंवा रबरी वायसर असलेला प्लास्टिकचा जोड घ्या, ज्यावर आयपी६७ लिहिलेलं असतं. म्हणजे धूळ आत जात नाही, आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो. हे खरं ठरतं ते जोड पूर्ण आवळलेला असतानाच. टोपण हरवलेल्या रिकाम्या सॉकेटात पाणी शिरणारच.

[दृश्य: संत्र्याच्या खोडांना लावलेली निळसर बोर्डो पेस्ट.]

या भागात पावसाइतकंच बोर्डोला जपावं लागतं. बुरशी रोखायला लावतात ते मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. मोरचुदाचं पाणी लोखंडाला खातं, जस्ताला खातं, म्हणून तर ते प्लास्टिकच्या ड्रममध्ये कालवतात. फवारणीचे तुषार खांबावरच्या पेटीपर्यंत पोचतात. बागेत तरी मी चकचकीत धातूपेक्षा प्लास्टिकचं अंग निवडीन. आतल्या पिनाही दोन्ही बाजूंना एकाच मुलाम्याच्या हव्यात. एकीकडे सोनं, दुसरीकडे कथील असेल तर कथलाची बाजू लवकर खराब होते.

[दृश्य: बॅटरीच्या वायरीचं टोक, जवळून.]

बॅटरीकडून येणाऱ्या वायरीला भोकांचं तोंड द्या, पिनांचं नाही. उघड्या पिना विळ्याला टेकल्या तर तिथंच शॉर्ट. आणि प्रत्येक वायरीचा कनेक्टर वेगळा ठेवा: बॅटरीला २ पिनांचा, सेन्सरला ३ पिनांचा, भोंग्याला ४ पिनांचा, भले दोन रिकाम्या राहोत. घाईत १२ व्होल्ट सेन्सरच्या तोंडात जायला वावच राहत नाही.

सॉकेटं पेटीच्या खालच्या बाजूला. वायरीला आधी खाली झोळ द्या, मग वर न्या, म्हणजे ओघळ झोळावरून गळून जातो.

सोल्डर करताना ते तारेच्या धाग्यांत वर चढतं. जिथवर चढलं तिथवर तार ताठ होते आणि वाऱ्यानं हलून नेमकी त्या ताठपणाच्या कडेला तुटते. म्हणून कनेक्टरच्या मागच्या पकडीत वायरीचं वरचं आवरण घट्ट बसलं पाहिजे. नुसत्या सोल्डरवर वायरीचा भार टाकू नका.

[दृश्य: मल्टिमीटर. भोंगा वाजतो आहे.]

शेवटी भोंगा वाजवा आणि वाजत असतानाच जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटर धरा. वायर हलवून पाहा. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तो जोड कापून नव्यानं करा. हे सगळं हरभऱ्याला घाटे धरायच्या आत उरका.