तिसरी पाळी

[दृश्य: येऊरची चढण. अजून दिवे लागलेले आहेत.]

पहाटेचे साडेपाच. उपवन तलाव मागे टाकला की येऊरचा चढ सुरू होतो. चालायला आलेले आजी-आजोबा, दमलेले सायकलवाले, पाड्यावरून शहरात कामाला उतरणाऱ्या बायका, अशी ही ठाण्याची पहिली पाळी. रस्त्याच्या कडेला मऊ धुळीत एक पंजा उमटलाय. कुत्र्याचा असता तर पुढं नखं दिसली असती. इथं नाहीत. तिसऱ्या पाळीचा गडी, म्हणजे बिबट्या, थोड्याच वेळापूर्वी घरी गेलाय.

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत हयात घालवलेल्यांना पाळ्यांचा हिशेब समजावून सांगायला लागत नाही. मशीन एकच असतं, चालवणारी माणसं बदलतात. येऊरच्या या रस्त्याचंही तसंच आहे.

[दृश्य: झाडाला बांधलेला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. रात्रीची कृष्णधवल चित्रं.]

येऊर ज्याची ठाण्याकडची बाजू, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. बिबटे मोजायला वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या अंगाची नक्षी उजव्या अंगासारखी नसते आणि एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. या मोजणीत २०१५ साली उद्यान आणि भोवतालच्या परिसरात ३५ बिबटे निघाले, २०१८ साली ४७.

एवढ्याशा जंगलात इतके कसे? आत चितळ, सांबर, रानडुक्कर आहेत, तुळशी आणि विहार तलावांचं पाणी आहे. पण जंगल संपतं तिथं बिबट्याचं दुसरं ताट मांडलेलं असतं. सोसायटीबाहेर कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. २०१८ च्या एका शोधनिबंधात त्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास धरला होता. म्हणजे कचराकुंडी कुठं ठेवायची हे ठरवताना बिबट्या कुठं यायचा हेही आपण ठरवत असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय या अंगानं निघालेला मी तरी ऐकला नाही.

सांबराला हे जमत नाही. ते कचऱ्यावर जगत नाही आणि बुजरंही फार. त्याला गर्द सावली, पाणी आणि शांतता लागते. चाहूल लागली की शेपटी उभारून, भोंग्यासारखं ओरडून आत पळतं. नकाशावर जंगल तेवढंच राहतं, सांबराचं जंगल मात्र आवाज पोचेल तिथपर्यंत आक्रसत जातं. चितळ त्या मानानं धीट.

[दृश्य: संध्याकाळ. पाड्याकडे जाणारी पायवाट.]

जगभरच्या ७६ अभ्यासांची एकत्र मांडणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, ६२ सस्तन प्राण्यांची. जो प्राणी अर्धा दिवसा, अर्धा रात्री फिरायचा, तो माणसाच्या शेजारात ६८ टक्के रात्रीचा झालेला दिसला. जागा सोडायची नसेल तर वेळ सोडायची. येऊरच्या पाड्यांवर हे निबंध वाचून कळलेलं नाही. वारली घरांत वाघोबा देव आहे; देव रागावतो, पण उगाच नाही. अंधारात बॅटरी हवी, सोबत हवी, तोंडानं बोलत राहायचं. मीही इथं मोबाइलवर गाणं लावून चालतो. वर स्वतः गातो, म्हणून बिबट्या अजून भेटला नसावा.

ही घडी मोडली की काय होतं ते २००४ साली दिसलं. उद्यानाच्या काठावर माणसांवरचे हल्ले शिगेला पोचले. त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे आणून इथं सोडत होते. जुन्नरच्या अभ्यासानं पुढं दाखवलं, की बिबटे उचलून दुसरीकडे सोडले की तिथं हल्ले वाढतात. अनोळखी जागेत टाकलेल्या जनावराला पाळीही माहीत नसते आणि वाटही.

आणि वाट त्याला किती महत्त्वाची! २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्कर नर बाहेर काढला, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. नाव पडलं आजोबा. तो निघाला तो सुमारे १२० किलोमीटर चालत, रेल्वेरूळ ओलांडत, वसईची खाडी पोहून थेट या उद्यानात आला. २०११ साली घोडबंदर परिसरात गाडीनं उडवला.

[दृश्य: गायमुख, रात्र. ट्रकची न संपणारी रांग.]

घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला उद्यानाचाच नागला हा तुकडा. नागल्यापलीकडे खाडी, खाडीपार तुंगारेश्वरचं अभयारण्य. बिबट्याचा बाहेरच्या जगाशी धागा हाच. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना शहरात बंदी, म्हणून न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर रात्री इथून जातात. शहराच्या दृष्टीनं सोय चांगलीच आहे. पण आपण त्यांना तिसरी पाळी दिली, आणि ती आधीच भरलेली होती. वर येऊरच्या बंगल्यांतही आता रात्री उशिरापर्यंत डीजे असतो, खेळायच्या टर्फवर झगझगाट असतो.

ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जंगलाच्या पोटातून जाईल. प्राण्याच्या पायाखाली रस्ता जाणं पायात येण्यापेक्षा बरंच. मात्र ठाण्याकडच्या, टिकुजिनीवाडीच्या तोंडाशी दिवे आणि गाड्या वाढतील, तेही जंगलाच्या उंबऱ्यावर.

[दृश्य: रस्त्याकडेचं झुडूप. दोन डोळे चमकतात.]

रात्रीचे पावणेतीन. कंटेनर गेला, टँकर गेला, पुन्हा कंटेनर. मध्ये थोडी मोकळीक मिळाली. त्यानं एक पाय डांबरावर ठेवला, आणि वळणावर नवा उजेड दिसताच मागे घेतला.