पिवळं कार्ड आणि संध्याकाळचा डास

[दृश्य: मुंबईतलं लसीकरण केंद्र. बाकांवर पासपोर्ट घेऊन बसलेली माणसं.]

जुलै उजाडला की मसाई मारात वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडायला लागतात. ते बघायला निघालेली आपली माणसं त्याआधी या बाकांवर येऊन बसतात. केनियाला जायचं म्हणजे पीतज्वराची, यलो फीव्हरची लस आलीच.

"काकू, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का?"

"अहो, आम्ही अंडं खातच नाही!"

सगळा बाक हसतो. पण प्रश्न नेमका आहे. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली तयार केलेली ही लस आजही कोंबडीच्या अंड्यांत वाढवली जाते. तिच्यासाठी थायलरना १९५१चं नोबेल मिळालं. तिच्यातला विषाणू जिवंत असतो, फक्त दुबळा केलेला. म्हणून काकूंना पुढे वयही विचारतात. साठीनंतर गंभीर त्रासाची शक्यता, मुळात दुर्मीळ असली तरी, थोडी वाढते.

लस टोचली की हातात पिवळं कार्ड. ते १० दिवसांनी लागू होतं आणि २०१६च्या नियमापासून जन्मभर चालतं. विमान चार दिवसांवर आल्यावर धावत येणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

[दृश्य: मुंबई विमानतळ. परतीचे प्रवासी, हातात कार्डं.]

या कार्डाची खरी गरज आहे ती भारताला. परतताना ते नसेल, तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. डास चावल्यापासून ताप यायला साधारण तेवढेच दिवस लागतात. पीतज्वर भारतात कधी पसरलेला नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्या कुंड्यांत, कूलरमध्ये, जुन्या टायरांत मजेत आहे. डेंगी देतो तोच हा. विषाणू तेवढा यायचा राहिलाय.

[दृश्य: मारातला तंबू. मावळतीचा उजेड.]

मलेरियाच्या गोळ्यांचं कार्ड मात्र कुणी मागत नाही. मग त्या राहूनच जातात. निळे-काळे कपडे नकोत, चावणारी त्सेत्से माशी येते, हे गाइडने सांगितलं की सगळे ऐकतात. आणि दिवस बुडाल्यावर हाफ पँट घालून शेकोटीपाशी गप्पा! अ‍ॅनॉफिलीस डास निघतो तो नेमका याच वेळी.

आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा. गडचिरोलीच्या डॉक्टरांना तो चांगला ठाऊक आहे: उपचाराला उशीर झाला तर मेंदूवर जातो. जुनं क्लोरोक्विन तिथे उपयोगाचं नाही. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देत असतील, तर ती निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज घ्यायची आणि घरी आल्यावरही ४ आठवडे घ्यायची. परजीवी आधी यकृतात दडतो. रक्तात उतरला की गोळी त्याला गाठते. पण सिंहाचे फोटो ग्रुपवर टाकून झाले की गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये जाते.

चावल्यावर पहिले सात दिवस तरी या तापाची चाहूल लागत नाही. म्हणजे आठवड्याची सहल असेल, तर ताप बहुधा घरीच येणार. त्यावेळी डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते हे, की मी आफ्रिकेतून आलोय. आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्यायचं.

[दृश्य: पुण्यातला दवाखाना. ऑगस्ट. बाहेर पाऊस.]

"ताप कधीपासून?"

"परवापासून."

"पावसात भिजलात का?"

"हो, थोडासा."

डॉक्टर मान डोलावतात. व्हायरलची साथ आहेच. केनियाचा विषय निघतच नाही.