पाटणादेवी ते तोरणमाळ: फुटलेल्या ताऱ्यांचा माग

[दृश्य: चाळीसगावजवळ पाटणादेवीचं खोरं, सकाळ. जुन्या दगडी कोरीव कामावरून सरकणारा कॅमेरा.]

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव. यादव राजा सिंघणाचा हा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला, इ.स. १२०७ च्या सुमारास. पाटणच्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. (तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे. खान्देशात ही गल्लत नेहमी होते.)

मठ निघाला त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, ऑगस्ट ११८१ मध्ये, चीन आणि जपानच्या दरबारी ज्योतिष्यांनी शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा पाहिला. खरं तर तो फुटणारा तारा होता. १८५ दिवस तो दिसत राहिला, मग मावळला. भास्कराचार्य तेव्हा हयात होते. त्यांचा 'करणकुतूहल' हा खगोलग्रंथ ११८३ चा.

[दृश्य: मध्यातून बाहेर फेकलेल्या सरळ धाग्यांचा तेजोमेघ.]

त्या ताऱ्याच्या जागी आज हे आहे. नाव पीए ३०. अंतर सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं. एका हौशी निरीक्षकाला हा मेघ २०१३ मध्ये सापडला. गंधकाच्या प्रकाशात त्याचे धागे दिवाळीतल्या फुलबाजीसारखे सरळ बाहेर गेलेले दिसतात. सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगानं ते पळताहेत आणि साडेआठशे वर्षांत त्यांचा वेग फारसा घटलेला नाही. वाटेत अडवणारं काही भेटलंच नाही.

पण ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं घन सेंटिमीटरला सरासरी एखादा अणू असतो. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत पंचवीसावर अठरा शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे ताऱ्यांमधला वायू कोणत्याही प्रयोगशाळेतल्या निर्वातापेक्षा विरळ. आणि तरी मोठ्या ताऱ्याच्या स्फोटाला शेवटी हाच वायू थांबवतो.

ते कसं? स्फोटाची गतिज ऊर्जा सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात जेवढी उधळेल साधारण तेवढी. ताऱ्याचा मालमसाला सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं सुटतो. त्याच्या पुढे धक्क्याची लाट जाते. ती वाटेतला वायू दाबते, लाखो अंशांपर्यंत तापवते आणि सोबत घेऊन निघते. काही शतकांत, दहाएक प्रकाशवर्षांच्या आत, गोळा केलेल्या वायूचं वजन ताऱ्याच्या मालाइतकं होतं. मग वेग पडू लागतो.

[दृश्य: मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णा संगम, पावसाळ्यातलं गढूळ पाणी.]

मुलताईला उगम पावलेली तापी संगम ओलांडून भुसावळला पोचते, तेव्हा तिच्यात मुलताईचं पाणी कितीसं उरतं? स्फोटाच्या जुन्या अवशेषाचं तसंच. त्यात फुटलेला तारा थोडा असतो, वाटेतला वायू फार.

[दृश्य: तोरणमाळ, ऑक्टोबर, संध्याकाळ. आकाशात हंस तारकासमूह.]

असा जुना अवशेष बघायला सातपुडा बरा. खाली जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात दिवे फार. कापसाला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटची वाट बघत जागणाऱ्या शेतकऱ्याला तारे आपल्यापेक्षा जास्त दिसतात, पण अवशेषाचा मेघ नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. ऑक्टोबरात अंधार पडला की हंस जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या पंखाजवळ ५२ सिग्नी नावाचा एक फिकट तारा आहे. लहान दुर्बिणीला ऑक्सिजनचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावा. ताऱ्यापाशी धुराच्या दोरीसारखं काहीतरी लोंबताना दिसेल.

हा व्हेइल तेजोमेघ. विल्यम हर्शेलनं तो १७८४ मध्ये पाहिला. स्फोट दहा ते वीस हजार वर्षांपूर्वीचा, अंतर सुमारे चोवीसशे प्रकाशवर्षं. आकाशात त्याची रुंदी सहा पूर्ण चंद्रांएवढी. यात आता शंभराहून जास्त सूर्यांच्या वजनाचा गोळा केलेला वायू आहे. जिथं लाट मंदावली तिथं वायू थंड होऊन आकसतो आणि उजळतो: ऑक्सिजन निळसर हिरवा, हायड्रोजन लाल. हे धागे दिसतात, पण ते धागे नव्हेत. पातळ, सुरकुतलेले पडदे आहेत. ज्या ठिकाणी पडदा आपल्याला कडेनं दिसतो, तिथं रेघ उमटते.

खेकडा तेजोमेघाचं नाव अजून आलं नाही, याचं काहींना नवल वाटेल. त्याचा तारा १०५४ मध्ये फुटताना दिवसाढवळ्या २३ दिवस दिसला होता, चित्रंही त्याचीच सगळीकडे. पण लाटेची आणि वायूची टक्कर समजायला तो वाईट नमुना. त्याला उजळतो तो आतला पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, सेकंदाला ३० फेऱ्या घेणारा.

[दृश्य: मिथुन तारकासमूह, जानेवारी, रात्रीचे दहा.]

टक्कर बघायची तर इथं. जेलीफिश तेजोमेघ, आयसी ४४३. अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं. एका बाजूला लाटेला साधा विरळ वायू मिळाला. दुसऱ्या बाजूला दाट, थंड रेणुमेघ, म्हणजे रेणुरूपातल्या वायूचा ढग, आडवा आला. तिथं लाटेचा वेग सेकंदाला शंभर किलोमीटरांच्याही खूप खाली आला. त्या बाजूचा हायड्रोजन रेणुरूपातच तापून अवरक्त प्रकाशात चमकतो.

आणि याच टकरीनं एक जुनं कोडं उलगडलं. अवकाशातून सतत येणारे वेगवान कण, म्हणजे वैश्विक किरण, व्हिक्टर हेसला १९१२ मध्ये सापडले. ते येतात कुठून? संशय अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, लाटांवर होता, पुरावा नव्हता. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रात वाट बदलत येतात, त्यामुळे दिशेवरून माग लागत नाही. पण वेगवान प्रोटॉन दाट मेघावर आदळला की पायॉन नावाचा अल्पजीवी कण तयार होतो, तो क्षणात गॅमा किरणांत मोडतो, आणि गॅमा किरण सरळ येतो. फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीनं आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ या दोन अवशेषांत पायॉनची ती ठळक खूण टिपली. साल २०१३. मेघ आडवा आला नसता, तर प्रोटॉनची साक्ष मिळणं अवघड होतं.

जेलीफिश लहान दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याला हायड्रोजनचा लाल फिल्टर, तासा-दोन तासांचं एक्सपोजर आणि ढग नसलेली रात्र एवढं जमलं, तर तोरणमाळवरून त्याची उजळ कड फोटोत येते.