प्लेग, पिसू आणि परळ

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईतल्या प्लेगचा विषय निघाला की आपण १८९६ सालाशीच थांबतो. मांडवीत ही साथ ओळखणारे गोव्याचे डॉ. व्हिएगस आणि स्वतःला आधी लस टोचून घेणारे हाफकिन, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण प्लेग तिथं संपला नाही. विसावं शतक उजाडलं तरी थंडी सरता सरता तो दरसाल हजेरी लावतच होता.

सुरुवातीला सरकारचा सगळा राग घाणीवर आणि गरिबांवर. भिंतींना चुना फासा, जंतुनाशक कार्बोलिक शिंपडा, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढा, रोग्याला उचलून इस्पितळात न्या. या सक्तीची दहशत एवढी, की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवावं, हे मात्र लोक अनुभवानं शिकले होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू, असं सांगितलं, पण त्याचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगानं परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. त्यांचे प्रयोग मला फार आवडतात, कारण त्यात बडेजाव काहीच नाही. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे ठेवायचे. एक जमिनीलगत, एक दोन फूट उंच टांगलेला. खालचे गिनीपिग मेले, वरचे ठणठणीत राहिले! हवा तर दोघांना तीच होती. पण पिसू उडी मारून मारणार किती? जेमतेम चार-पाच इंच. उंदीर मेला, अंग गार पडलं, की ती दुसरं ऊबदार अंग शोधते. उंदीर मिळाला नाही तर माणूस. जमिनीवर अंथरूण टाकून निजणाऱ्यांच्या वाट्याला ती आधी येणार, हे ओघानंच आलं.

तिकडे १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट दाट वस्त्या पाडून हवेशीर रस्ते काढत होता. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याचीच कामं. रस्ते झाले, हे खरं. पण घरं पडलेली माणसं जायची कुठं? पुष्कळजण शेजारच्याच चाळीत दाटीवाटीनं शिरले. हवेसाठी एवढा खटाटोप, आणि दाटी आपली एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत!

त्यापेक्षा उंदरांमागे लागलेली माणसं मला जास्त कामाची वाटतात. पकडलेला उंदीर कुठल्या भागातला याची नोंद करून तो प्रयोगशाळेत तपासायचा, म्हणजे साथ कुठं डोकं वर काढतेय हे कळायचं. मुंबई महापालिकेत आजही मूषक संहारक हे पद आहे. हातात काठी नि विजेरी घेऊन ते रात्रपाळीला निघतात.