मारलं कोणी, तेही सांगा

(दृश्य : भाताची खाचरं, झाडीत दडलेली वस्ती)

१६ मार्च १९६८. व्हिएतनामच्या क्वांग न्गाई प्रांतातलं सोन माय गाव. सकाळीच अमेरिकी सैनिक हेलिकॉप्टरमधून उतरले आणि त्यांनी बायका, मुलं, म्हातारी माणसं गोळ्या घालून मारली.

बातमी मात्र वेगळीच आली. १२८ शत्रू ठार, तीन बंदुका जप्त. एवढे लोक लढत होते, तर बाकीची हत्यारं गेली कुठे? हे विचारायला हवं होतं. दीड वर्ष जगाच्या लेखी ती जिंकलेली लढाई होती. नोव्हेंबर १९६९मध्ये पत्रकार सेमोर हर्श यांनी ते हत्याकांड उघड केलं.

लेफ्टनंट विल्यम कॅली याच्यावर खुनाचे आरोप ठेवले गेले. त्या आरोपपत्रात मेलेली माणसं होती ‘पौर्वात्य मानव’. नावं अज्ञात.

(दृश्य : सोन माय स्मारकातला नावांचा फलक)

गावाला ती नावं ठाऊक होती. या फलकावर ५०४ जण आहेत, नाव आणि वयासकट. १८२ बायका, त्यांतल्या १७ गरोदर. १७३ मुलं.

आजच्या बातम्या ऐका. ‘हल्ल्यात बारा जणांचा मृत्यू.’ ‘चकमकीत गावकरी बळी.’ वाक्य पुरं होतं, पण कर्ता कुठेच नसतो. बॉम्ब कुणाच्या विमानाने टाकला, बंदूक कुणाच्या हातात होती, हे माहीत असेल तर ते त्याच वाक्यात आलं पाहिजे. माहीत नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं, आणि कोण कुणावर आरोप करतंय तेही सांगावं. दोन्ही बाजूंना हाच नियम. आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या बाजूने मारलं, की नेमका तेव्हाच ‘मृत्यू झाला’ हा शब्दप्रयोग आठवतो.

मेलेल्यांवर शिक्का मारायची घाई तर सगळ्यांनाच असते. ‘संशयित’. ‘लढाऊ वयाचे पुरुष’. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पूरक कराराचं, पन्नासावं कलम स्पष्ट आहे : शंका असेल तर त्या व्यक्तीला नागरिकच समजायचं. वय वीस आणि पुरुष, एवढ्यावरून कुणी सैनिक ठरत नाही.

आता मोठे शब्द. नागरिकांवर मुद्दाम केलेला एक हल्लाही युद्धगुन्हा असू शकतो. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ले झाले आणि हत्या त्यांचा भाग असली, तर मानवतेविरुद्धचा गुन्हा. वंशसंहार म्हणायला एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. आणि नागरिकाचा प्रत्येक मृत्यू कायद्याने गुन्हा ठरत नाही. लष्करी लक्ष्यावरच्या हल्ल्यात अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होणार होती का, हे तपासलं जातं. मुलं गमावलेल्या आईला हे ऐकवणं क्रूर वाटतं. तरी निवेदकाला हे माहीत असायलाच हवं.

(दृश्य : बोस्नियातलं स्रेब्रेनिका, पोटोचारीची दफनभूमी)

पण निकाल यायची वाट पाहत गप्प बसायचं नसतं. जुलै १९९५मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने स्रेब्रेनिकात आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहार ठरवलं २००१मध्ये. ‘कैद केलेल्या माणसांना रांगेत उभं करून मारलं’ हे सांगायला मात्र निकालाची गरज नव्हती.

आकड्यांचंही तसंच. बोस्नियाच्या युद्धात दोन लाख मेले, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. सारायेवोतल्या संशोधकांनी एकेक नाव गोळा केलं आणि २००७मध्ये संख्या निघाली सुमारे ९७ हजार. दुःख कमी लेखलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण फुगवलेला आकडा नाकारणाऱ्यांच्याच कामी येतो. या यादीत प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती सैनिक होती की नागरिक, हेही लिहिलेलं आहे. त्यांतले सुमारे ४० टक्के नागरिक.