आधारवर पोस्ट बॉक्सचा पत्ता? नाही चालत हो!

नमस्कार मंडळी! भाडेकराराच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊन पडलाय. "ताई, दर अकरा महिन्यांनी घर बदलतो. पोस्टात एक बॉक्स घेतो आणि आधारवर कायमचा तोच पत्ता टाकतो. चालेल ना?"

नाही चालणार. आधारवर नाही, मतदार ओळखपत्रावर नाही, लायसन्सवर नाही. झाला व्हिडिओ, जाऊ शकता. पण तुम्ही ऐकणारे नाहीत, म्हणून बोलते.

पोस्ट बॉक्स काय असतो ते पटकन. पोस्टात भाड्याने एक खण मिळतो, त्याला नंबर असतो, पत्रं त्यात पडतात, आपण जाऊन आणायची. आमच्या मामांचं बियाण्यांचं दुकान होतं, त्यांचा असा बॉक्स होता. तळहाताएवढं लाकडी दार. पावसाळ्यात ते फुगलं की किल्ली फिरायची पण दार उघडायचं नाही. मग आतले पोस्टाचे भाऊसाहेब मागच्या बाजूने गठ्ठा काढून मामांच्या हातात द्यायचे. धंद्याला उत्तम सोय. पण मामा राहायचे कुठे? वाड्यात. बॉक्सात नाही!

सगळी मेख इथेच आहे. ओळखपत्रावरचा पत्ता म्हणजे "मी इथे राहतो". बॉक्सचा नंबर म्हणजे "माझी पत्रं इथे टाका". दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"पण फॉर्ममध्ये पोस्टाचा रकाना आहे की!" अशी कॉमेंट आलीच आहे, वर तीन हसरे चेहरे. दादा, त्या रकान्यात पोस्ट ऑफिसचं नाव येतं, बॉक्सचा नंबर नाही. आपण पत्रावर मु. पो. अमुक लिहितो ना, त्यातला 'पो.' तो. ऑनलाइन पत्ता बदलताना आधी पिनकोड टाकता, मग गाव आणि पोस्ट यादीतून निवडता. यादीत बॉक्स नसतोच. मग मंडळी काय करतात? लँडमार्कच्या रकान्यात कोंबतात! "मारुती मंदिराजवळ, पोस्ट बॉक्स नंबर अमुक." एका आधार केंद्रावर रांगेत माझ्या पुढचे काका हेच सांगत होते. ऑपरेटर पोरगी मान वर न करता म्हणाली, "काका, रात्री बॉक्सात झोपता का?" रांग हसली, काका तेवढे हसले नाहीत.

बरं, समजा कोंबलं. पुढे? पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो. वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार, पासपोर्ट, जे असेल ते. या कागदावर तुमचं घर असणार, फॉर्मवर बॉक्स. जुळणार कसं? त्यात पिनकोडचा घोळ. राहता डोंबिवली पूर्वेला, पिन 421201, जिल्हा ठाणे. बॉक्स घेतला ऑफिसजवळ म्हणून मुंबई जीपीओत, पिन 400001. पिन टाकला की जिल्हाच बदलला. अर्ज फेटाळला की मला मेसेज, "ताई, सरकार त्रास देतंय."

पिनकोडवरून आठवलं. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि तिच्यामागे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर होते, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, आपला 4, आणि शेवटचे तीन आकडे टपाल वाटणाऱ्या पोस्टाचे. म्हणजे चुकीचा पिन टाकलात तर कार्ड आधी भलत्याच पोस्टात जाणार. असो, विषयांतर झालं.

आता हेच मतदार ओळखपत्राच्या बाजूने बघा, कारण तिथे तर वादच नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाव नोंदवायला तुम्ही त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारे असावे लागता. नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावरही भागत नाही, कलम 20 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मालकीचा फ्लॅट पुरत नाही, तिथे भाड्याचा खण पुरेल? आणि ज्यांना घरच नाही त्यांचं काय? त्यांच्याकडे पत्त्याचा कागद मागत नाहीत. बूथचे अधिकारी म्हणजे बीएलओ रात्री त्या जागी जाऊन बघतात, माणूस खरंच तिथे झोपतो का. फुटपाथ चालतो, बॉक्स नाही चालत. आता तरी पटलं?

साताऱ्याच्या एका वहिनींनी चांगलं विचारलंय. "हे फौजेत आहेत, पत्रावर 56 एपीओ लिहितो. मग त्यांचं मतदान?" वहिनी, 56 एपीओ हा टपालाचा पत्ता. सैनिक नोकरीत नसता तर जिथे राहिला असता, तो तिथलाच रहिवासी धरतात. म्हणजे गावचा पत्ता. तिथेही टपाल वेगळं, घर वेगळं!

मग अकरा महिनेवाल्यांनी काय करायचं? पत्रं हरवायची भीती असेल तर बँकेत, विम्यात पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा देता येतो का विचारा. आधारसाठी ई-आधार डाउनलोड करा, कागदी कार्डाइतकंच वैध आहे. आईवडील किंवा नवरा-बायको यांच्या पत्त्यावर खरंच राहत असाल, तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलता येतो. त्यांनी 30 दिवसांत ऑनलाइन होकार द्यायचा. बाबांना आठवण करा, नाहीतर ओटीपी कसला म्हणून फोन ठेवून देतील.

एकटी राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न मात्र मला मनापासून पटला. लॉजवर, कुरिअरवाल्याला, दिसेल त्याला घरचा पत्ता कशाला दाखवायचा? त्यांनी लिहिलंय, मास्क्ड आधार देते. ताई, मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ आकडे झाकले जातात, पत्ता तसाच राहतो. फक्त ओळख पटवायची असेल आणि समोरचा घेत असेल तर पॅनकार्ड दाखवा. त्यावर पत्ता छापलेलाच नसतो.

आणि घरमालक "करार नोंदवायचा खर्च कशाला" म्हणत असतील, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 त्यांना वाचून दाखवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केली तर 5000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नोंदवलेला करार हातात आला की पत्ता बदलायचा अर्ज त्याच दिवशी टाका. लँडमार्कमध्ये मारुती मंदिरच लिहा फक्त.